न झालेल्या लग्नाचे पापड

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत हिंगाचा वास सुटतो. नाशिकच्या सिडकोतली ही घरं एकमेकांना इतकी चिकटून बांधलेली आहेत, की एका घरात डांगर कुटायला घेतलं की पुढच्या तीन घरांच्या भिंतींना कळतं. उडदाच्या पिठात पापडखार, मिरे, हिंग घालून घट्ट गोळा भिजवायचा आणि तेलाचा हात लावून तो मऊ होईपर्यंत मुसळीने कुटत राहायचा. हे कुटलेलं पीठ म्हणजे डांगर. लहानपणी तो धप धप आवाज आला की आम्ही पोरं अभ्यास टाकून पळायचो, कारण तेलात बुडवलेली कच्ची लाटी खायला मिळायची. ती आधी खारट लागते, मग तिखट, आणि संध्याकाळी हमखास पोट दुखतं. तरी खायचो.

यंदाही आवाज आला. मी खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसले होते. गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात मी जाहिराती लिहिते. त्या दिवशी घरूनच काम होतं. कुणाच्या तरी द्राक्षमळ्यातल्या हॉटेलसाठी ‘मातीशी नातं’ वगैरे काहीतरी जुळवत होते. आवाज कानावर पडला आणि मी खिडकी लावून घेतली. पापडाच्या आवाजाने दुसरं कुणी खिडकी लावत असेल असं मला वाटत नाही. मी लावते. गेली काही वर्षं हा हंगाम आला की मला लाज वाटायला लागते, आणि शेवटचा पापड डब्यात जाऊन झाकण लागेपर्यंत ती काही जात नाही.

आमच्या गल्लीत पापड कुणी एकटीने लाटत नाही. आज इंदूमावशींचे, उद्या रझियाभाभींचे, परवा आमचे. ज्या घरचे पापड असतील तिथे सगळ्या जणी जेवणं उरकून आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जातात. त्या घरच्या बाईने चहा करायचा, मधे तोंडात टाकायला काहीतरी द्यायचं. बस. पैशाचा विषय नाही. कुणी किती लाटले हे कुणी मोजत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या असतं, आणि आपली पाळी झाली की दुसरीच्या पाळीला पाठ दाखवायची नाही, एवढा एकच नियम. माझ्या माहितीत तो कुणी मोडलेला नाही. माणूस आजारी असेल तर घरातली दुसरी बाई जाते.

इंदूमावशी सटाण्याकडच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला जमाना झाला, बोलतात आमच्यासारखंच, पण राग आला किंवा माया दाटली की अहिराणी सुरू. त्यांचं घर कोपऱ्याचं, गच्चीवर कुणाच्या भिंतीची सावली नाही, म्हणून अख्ख्या गल्लीचे पापड शेवटी ऊन दाखवायला त्यांच्याच गच्चीवर जातात. रझियाभाभी आमच्या शेजारच्या. त्यांच्याइतका पातळ पापड गल्लीत कुणाचा होत नाही. त्या स्वतःच तसं सांगतात, आणि खोटं नाही म्हणून कुणी काही बोलत नाही.

आता ही लाज जिथून सुरू झाली तो उन्हाळा.

माझी बारावी झाली होती. पुण्याबाहेर हायवेच्या कडेला टेकडीवर एक खासगी विद्यापीठ आहे, तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. कोर्सचं नाव इतकं लांबलचक, की बाबांना ते शेवटपर्यंत पाठ झालं नाही. नंबर लागला असं आम्ही म्हणायचो; खरं तर फी भरायची तयारी असेल तर तिथे बहुतेकांचा नंबर लागतो, हे मला आत गेल्यावर समजलं. आम्ही तिघं बघायला गेलो. एक मुलगा इंग्रजीतून बोलत आम्हाला सगळीकडे फिरवत होता. काचेची लायब्ररी, पोहण्याचा तलाव, गालिच्यासारखी हिरवळ. सगळे पालक हिरवळीवरून चालले. आई तेवढी कडेच्या फरशीवरून चालली, चपला हातात घ्याव्यात की काय अशा बेतात. बाबांनी फीचा कागद एकदा वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला. परत येताना संगमनेरला बस थांबली. तिथे चहा घेताना आई म्हणाली, “बघू आपण. होईल.”

नाशिकमध्ये कॉलेजं नव्हती का? होती की. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली पायी जाता येईल अशा कॉलेजात गेल्या. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात ‘एक्सपोजर’ नावाचा शब्द पाहुण्यासारखा राहायला आला होता. क्लासच्या सरांनी तो आणला. पोरगी हुशार आहे, एक्सपोजर मिळायला हवं. बाबा अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर. त्यांना या शब्दाचा अर्थ नक्की सांगता आला नसता, मलाही आला नसता. पण जे आपल्याला मिळालं नाही आणि पोरीला मिळायला हवं असं काहीतरी ते आहे, इतकं त्यांना पटलं, आणि एकदा पटल्यावर पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं. आकडा इथे लिहीत नाही. मनात आला तरी कानकोंडं व्हायला होतं.

बाबांनी त्यांच्या परीने जमवाजमव केली. आईने रविवार कारंजावरच्या एका व्यापाऱ्याकडून पापडाची ऑर्डर घेतली. ऑर्डर दणदणीत होती. एकटीच्या हाताने तो माल दिवाळीपर्यंत झाला नसता. बायका कामाला लावायच्या तर मजुरी द्यावी लागणार, आणि मजुरी दिली तर उरणार काय? मग आईने जे केलं ते फक्त आमच्याच गल्लीत करता आलं असतं. आमची पाळी आली त्या दुपारी, सगळ्या जणी लाटणी पुसत असताना, तिने पदराने कपाळ टिपलं आणि सांगून टाकलं, “आमच्या घोटीच्या दिरांच्या मुलीचं ठरलं. पापड आपल्याकडून द्यायचे म्हटलेत. औंदा जरा जास्त हायेत.”

घोटीच्या काकांना दोन मुलगे. मुलगी नाही.

मी तिथेच होते. डांगराची वळकटी करून दोऱ्याने लाट्या पाडायचं काम माझ्याकडे असायचं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात. दोरा तसाच ताणलेला राहिला. मी मान वर केली नाही.

लग्नाचे पापड म्हटल्यावर गल्लीत उत्साहच संचारला. लग्नाचे म्हणजे आधी मुहूर्त करायला हवा. इंदूमावशींनीच पुढाकार घेतला. पाच जणी बसवल्या, त्यात रझियाभाभींना हाताला धरून बसवलं. मुसळीला हळदकुंकू लावलं, पहिल्या पाच पापडांना हळदीचं बोट लावलं. कुणीतरी नवरीचं गाणं धरलं. मधेच थांबून विचारलं, “नाव काय गं मुलीचं? नावाशिवाय कसं म्हणायचं?” आई क्षणभर अडली आणि म्हणाली, “सुवर्णा.” सगळ्या जणी ‘सुवर्णा’ घालून गाणं म्हणायला लागल्या. आईचा आवाज सगळ्यांत बारीक लागत होता.

माझ्या आईने जन्मात कधी गोष्ट रचली नव्हती. मला लहानपणी झोपवतानासुद्धा ती गोष्ट सांगायची नाही, नुसती पाठ थोपटायची. त्या उन्हाळ्यात मात्र तिला रोज एक तुकडा रचावा लागला. मुलगा कुठला? पेठचा. करतो काय? शाळेत मास्तर आहे. हुंडाबिंडा? छे, चांगली माणसं आहेत. दुपारभर अकरा लाटणी खडखडत असायची, पंखा गरम वारा फेकायचा, तेलाने आणि घामाने हात बुळबुळीत व्हायचे, आणि त्या सगळ्यात एक सुवर्णा हळूहळू मोठी होत होती. ती गोरी झाली, तिला शिवणकाम येऊ लागलं, थोडी लाजाळू झाली. रात्री बायका गेल्यावर आई वाळलेल्या पापडांच्या चळती कापडात बांधायची आणि बाबा त्या स्कूटरवरून एकेक करून व्यापाऱ्याकडे पोहोचवायचे. आम्ही तिघं त्यावर कधी बोललो नाही. बोलायला तोंड कुठे होतं?

हंगाम संपता संपता रझियाभाभी आमच्या घरी आल्या. हातात पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उशांचे दोन अभ्रे, पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याची फुलं, कडेला क्रोशाची लेस. “दुल्हनला माझ्याकडून,” त्या म्हणाल्या. “दोपहरको बैठके किया. बोलना, नाशिकवाली चाचीने दिया.” आईने दोन्ही हात पुढे केले आणि अभ्रे घेतले. नाही कसं म्हणणार? लग्नघरच्या बाईने आहेर नाकारायचा नसतो. जूनमध्ये माझी बॅग भरताना तिने ते अभ्रे तळाशी ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हायेत तर वापर. ठेवून काय करायचे?”

तीन वर्षं होस्टेलच्या पलंगावर मी सुवर्णाच्या उशीवर झोपले. रूममेटला ते अभ्रे फार आवडायचे. कुठून घेतलेस विचारायची. मी गावाकडचे म्हणून सांगायचे.

पुढच्या वर्षी आणखी एक लग्न निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. तीन उन्हाळे, तीन नवऱ्या. तिसऱ्या खेपेला इंदूमावशी म्हणाल्या होत्या म्हणे, “ताई, तुमच्याकडच्या पोरी लय पटापटा लग्नाला येतात हां,” आणि सगळ्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर पोळपाट घेऊन हजर झाल्या. आई आपल्या परीने भरपाई करत होती. दुसऱ्यांच्या पाळीला ती सगळ्यांच्या आधी जायची आणि शेवटी उठायची. कुणाच्या कुरडया असोत, कुणाचे सांडगे, ही आहेच. तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं उजवं मनगट सुजलं ते आजतागायत पूर्ण उतरलेलं नाही. सकाळी तिला नळ डाव्या हाताने सोडावा लागतो.

आणि तिकडे मी काय करत होते? शिकत होते. मन लावून शिकत होते, हे खोटं नाही. दुसऱ्या वर्षाला एक मॅडम होत्या, त्यांनी आपापल्या गावातला एखादा व्यवसाय घेऊन त्यावर बोलायला सांगितलं. मी आमच्या गल्लीतले पापड घेतले. इंदूमावशींच्या गच्चीचा फोटो लावला, जुन्या साड्यांवर पसरलेले पापड, कडेला कावळे हाकलायला उलटी ठेवलेली काळी छत्री. पोरं वाहवा म्हणाली. मी पाळीची पद्धत समजावून सांगितली, कशा सगळ्या एकमेकींकडे जातात, कसा पैशाचा व्यवहार नसतो. जरा ऐटीतच सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला, “आणि हे पापड नंतर जातात कुठे?”

मी म्हटलं, “घरी खायला.”

त्या एसी वर्गात माझे कान असे तापले की काही विचारू नका. मला प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मॅडमनी शेवटी फळ्यावर ‘बिनमोबदल्याचे श्रम’ असे शब्द लिहिले आणि त्यावर तासभर शिकवलं. छान शिकवलं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्या तासापर्यंत आई गच्चीवर काय करते आहे हे मला माहीत होतं, पण त्याला काय म्हणतात हे माहीत नव्हतं. बायकांच्या ज्या दुपारी माझ्या फीमध्ये गेल्या त्यांचं नाव मला त्याच फीने शिकवलं. हे मी कुणाला सांगू? आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं, मार्क चांगले पडले.

पहिली नोकरी पुण्यात लागली, दीड वर्षात त्या कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. मी नाशिकला परत आले. आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी इथल्याच कॉलेजात शिकलेली आहे. आम्हा दोघींचा पगार सारखा आहे, आणि खरं बोलायचं तर ती माझ्यापेक्षा कामाला वाघ आहे. नातेवाईक भेटले की विचारतात, “मग, आता काय पुढे?” त्या प्रश्नात जे असतं ते आपल्याला बरोबर ऐकू येतं. बाबा अशा वेळी पटकन पाण्याचा तांब्या आणायला उठतात.

मी परत आले त्या उन्हाळ्यात रझियाभाभींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. सांगताना त्या इतक्या हसत होत्या, की डोळ्यांतून पाणी येत होतं. पहिल्याच वर्षी, सुवर्णाच्या लग्नाच्या उन्हाळ्यानंतर, त्यांच्याकडचे पापड संपले म्हणून त्यांनी पवननगरच्या एका दुकानातून पाकीट आणलं. तळायला घेतलं तर पापड ओळखीचा. “मेरा हाथ मैं नहीं पहचानती क्या? एकदम पतला, बस कड एका बाजूला जाड. अरे मेघा, मेरेच पापड मेरेकोच बेचे तेरी मम्मीने!” त्यांनी ते पाकीट इंदूमावशींना दाखवलं. इंदूमावशींनी सगळ्यांना. पण आईला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पुढची दोन वर्षं सगळ्या जणी सगळं माहीत असून मुहूर्त करत होत्या, नवरीचं नाव विचारत होत्या, गाणी म्हणत होत्या. भाभींना यात मौज वाटत होती. मीही त्यांच्याबरोबर हसले. घरी येऊन मोरीत नळ सोडून बसले.

म्हणजे माझं शिक्षण अख्ख्या गल्लीने समजून-उमजून केलं, आणि त्यांना सगळं ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही.

परवडलं का, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. काहीच मिळालं नाही असं म्हणणं हा कृतघ्नपणा होईल. तिथल्या लायब्ररीत मी रात्रंदिवस वाचलं. मी लिहिलेली सहा पानं कुणीतरी ओळ न् ओळ वाचून लाल करून दिली, असं आधी कधी झालं नव्हतं. मला समजलं नाही, पुन्हा सांगा, असं बिनदिक्कत म्हणता येणं मी तिथे शिकले. मागच्या वर्षी भाभींच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा सगळे डॉक्टरसमोर हात जोडून उभे होते, आणि मी एकटी तीन-तीनदा विचारत होते, हे औषध कशाला, ते कशाला. डॉक्टर वैतागले, पण सांगत गेले. काचेच्या दारांची मला भीती वाटत नाही. आता ही न वाटणारी भीती तराजूच्या एका पारड्यात टाकायची आणि दुसऱ्यात आईचं मनगट. मांडा हिशेब. मला तर ते पारडं नुसतं हातात धरूनही ठेवता येत नाही.

आणि यंदाच्या एप्रिलमध्ये हा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारला.

पाळी आमची होती. आई, इंदूमावशी, रझियाभाभी, आणखी दोघी-तिघी जणी गोल करून बसल्या होत्या. लाट्या पाडायला इंदूमावशींची प्राची बसली होती. आत्ताच बारावीची परीक्षा दिलेली, शांत, पण डोळे सगळीकडे असणारी पोरगी. तिचा त्याच विद्यापीठात नंबर लागला होता. आठ दिवसांत पैसे भरून जागा पक्की करायची होती. मावशींनी आणि काकांनी ठरवलं होतं, की खालच्या दोन्ही खोल्या भाड्याने द्यायच्या आणि आपण गच्चीवर पत्र्याची खोली टाकून राहायचं. नाशिकचं ऊन, वर पत्रा, आणि चढायला तो लोखंडी जिना. मावशींचा गुडघा असा, की पापड वाळवायला चढतानाही त्या मधल्या पायरीवर बसतात.

मी चहाचे कप घेऊन आले तेव्हा मावशींनी लाटणं बाजूला ठेवलं.

“मेघा, बस इथे. तुला एक विचारायचंय, आणि तू मला गोड बोलू नको. तू तठे तीन वर्षं काढली. पैसा टाकीसन काही हाती लागनं का? मनी पोर, ही प्राची, मी धाडू का नको?”

सगळी लाटणी मंद झाली. मी आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. माझ्या डोळ्यांसमोर तो जिना होता, तापलेला पत्रा होता, आणि त्याहून जास्त, इतकी वर्षं आत साचलेलं काहीतरी होतं. या बायकांसमोर आता तरी खोटं बोलायचं नाही, एवढंच मला वाटलं.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “नाही परवडलं. तितके पैसे टाकण्यासारखं तिथे काही नाही. जे मी आज करते, ते इथे शिकूनही केलं असतं. घर नका सोडू तुम्ही.”

भाभींनी “हां, घर तो घर है,” असं काहीतरी पुटपुटलं. मावशींनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा उतरला. मग प्राचीने दोरा खाली ठेवला आणि विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

“ताई, तू गेलीस म्हणून तुला हे कळलं ना? मी गेलेच नाही तर मला कसं कळणार?”

आईने तिच्याकडे हात पुढे केला. “लाट्या दे गं,” म्हणाली, आणि पुढचा पापड घेतला. संध्याकाळपर्यंत तिने एकही पापड वाकडा लाटला नाही. मी मनाशी म्हणत राहिले, की मी खरं बोलले, एका घराला वाचवलं, यात लाजण्यासारखं काय आहे? पण प्रत्येक चहाच्या कपाबरोबर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, आणि का ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायच्या बेतात होते तेव्हा इंदूमावशी दारात आल्या. आत यायला तयार नव्हत्या. रात्रभर झोप नसावी. त्यांनी मला ओलांडून आईला हाक मारली.

“ताई, तुम्ही सांगा. पोर काल जेवली नही. हे म्हणतात, मेघा म्हणते तर राहू देऊ. तुम्ही काहीच बोलल्या नाहीत काल.”

आई ओट्याशी होती. पदराला हात पुसत बाहेर आली.

“जायचंय का तिला?”

“तिला जायचंय. लय जायचंय.”

“मग धाड.”

“आई,” मी मधेच म्हटलं, “अगं त्यांचा गुडघा बघ, ते पत्र्याखाली राहणार आहेत, मी काल सांगितलंय ना त्यांना की तिथे...”

आई माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. माझ्या आईचा आवाज कधीच चढत नाही.

“तू गप बस. परवडलं का नाय परवडलं, ते तू नको सांगू. पापड मी लाटले. ते मी सांगंल.”

मावशी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. आईने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं, पाट दिला, स्वतः समोर बसली. गुडघ्याला तेल लाव, जिन्याला कठडा बसवून घे, पत्र्यावर पाचट टाक म्हणजे तापणार नाही, असं एकेक सांगत गेली. मावशी हळूहळू हो हो म्हणायला लागल्या. त्या उठल्या तेव्हा आईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “आन एक लक्षात ठेव इंदू. एकदा धाडली ना, मग तिला कधी विचारू नको, की काय मिळालं म्हणून. आपण दिलं, विषय संपला. विचारलं की पोर खाली मान घालती.”

प्राची जूनमध्ये गेली. मावशी आणि काका आता वर राहतात. जिन्याला कठडा बसवला आहे. ते पुढचं झालं. त्या सकाळी मावशी गेल्यावर आई पुन्हा ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि मी पायात एक चप्पल घालून तिथेच थांबले होते. ऑफिसला उशीर होत होता. मला आठवत होतं, की एवढ्या वर्षांत काय मिळालं ते बाकी सगळ्यांनी विचारलं, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, माझं मीसुद्धा. आईने एकदाही नाही. आणि जे तिने मला कधी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर मी आदल्या दिवशी तिच्याच घरात, तिच्याच पापडांसमोर बसून, सगळ्या गल्लीसमोर देऊन मोकळी झाले होते.